आरंभाची परिभाषा : घरगुती संगणकाचा अपूर्ण प्रारंभ आणि डहाणू-तलासरीचा भाषिक संदर्भ

१. विषयप्रवेश

यंत्रांचा इतिहास लिहिताना ती काय करू लागली याकडे अभ्यासकांचे लक्ष असते. ती सुरू कशी होतात आणि सुरू होता होता का अडतात याकडे सहसा नसते. घरगुती संगणकाच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते. याचे कारण असे की, सामान्य माणसाचा आणि या यंत्राच्या अंतरंगाचा संबंध प्रायः एकाच प्रसंगी येतो व तो प्रसंग म्हणजे यंत्राचा प्रारंभ पुरा न होणे. एरवी जे यंत्र केवळ चित्रे दाखविते, ते अशा वेळी काळ्या अथवा निळ्या पडद्यावर दोन ओळी लिहिते. त्या ओळी कोण वाचू शकतो, यावर पुढील सर्व गोष्टी अवलंबून असतात.

प्रस्तुत निबंधात या प्रारंभक्रियेचा इतिहास, तिच्यासाठी रूढ झालेल्या शब्दांचा इतिहास आणि पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांच्या संदर्भात त्यांचा अर्थ, असा त्रिविध विचार योजिला आहे. हा प्रदेश निवडण्याचे कारण उघड आहे. मुंबई महानगराच्या उपनगरी रेल्वेचे उत्तर टोक आणि वारली आदिवासींचे पाडे येथे शेजारी शेजारी नांदतात. मराठी, गुजराती आणि वारली यांची सरमिसळ नित्याची आहे. आणि परक्या लिपीतील व परक्या भाषेतील मजकुरावर माणसाचे हिताहित ठरण्याचा अनुभव या भूमीला नवा नाही.

२. 'बूट' या शब्दाची कथा

संगणकाच्या प्रारंभाला इंग्रजीत 'बूट' म्हणतात आणि मराठी दुरुस्तीकारही 'मशीन बूट होत नाही' असेच म्हणतो. मराठीत बूट म्हणजे पायातला जोडा. शब्दाचे हे दोन अर्थ योगायोगाने जुळलेले नाहीत. यंत्राचा बूट हा खरोखरच पायातल्या बुटावरून आला आहे. उंच बुटाच्या वरच्या कडेला, तो ओढून चढविण्यासाठी, कातड्याचा एक बंद शिवलेला असतो. हा बंद धरून स्वतःलाच जमिनीवरून उचलणे ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन बोलण्यात अशक्य गोष्टीचे उपहासात्मक उदाहरण म्हणून वापरली जाई. पुढे तिच्यातील उपहास गळाला आणि स्वावलंबनाचा अर्थ तिला चिकटला. १९५० नंतरच्या काही वर्षांत गणकयंत्रांच्या रचनाकारांनी हाच शब्द उचलला.

हा दृष्टान्त आपल्याकडे नव्हता असे नाही. कितीही तरबेज नट असला तरी त्याला स्वतःच्याच खांद्यावर चढता येत नाही, हे उदाहरण संस्कृत शास्त्रग्रंथांत वारंवार येते. संगणकापुढील अडचण नेमकी हीच आहे. स्मृतीत आज्ञावली असल्याशिवाय यंत्र काही करू शकत नाही, आणि आज्ञावली स्मृतीत आणणे हेही एक काम असल्यामुळे त्यासाठी आधी दुसरी आज्ञावली हवी, तिच्यासाठी तिसरी. न्यायशास्त्रात यास अनवस्था हा दोष म्हणतात. ही साखळी कोठे तरी तोडावी लागते. आरंभीचा दुवा यंत्राबाहेरून पुरविला पाहिजे, किंवा तो यंत्रात कायमचा कोरून ठेविला पाहिजे. संगणकाच्या प्रारंभाचा सबंध इतिहास म्हणजे हा पहिला दुवा कोणाच्या हाती होता, याचा इतिहास होय.

३. पहिला दुवा माणसाच्या हाती

१९४६ साली जगापुढे आलेल्या एनिआक यंत्रात हा प्रश्न वेगळ्या रूपात होता. नवे काम सांगावयाचे म्हणजे तारा काढून दुसरीकडे खोचावयाच्या आणि स्विच फिरवावयाचे. आज्ञावली ही यंत्राच्या बाह्यांगावरच मांडली जात असल्यामुळे ती 'आत आणण्याची' गरज नव्हती. आज्ञावली स्मृतीतच साठविणारी यंत्रे आल्यावर अनवस्था खऱ्या अर्थाने उभी राहिली.

इंग्लंडमधील केंब्रिज येथे मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली बांधलेल्या एडसॅक यंत्राने ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालविली. तेथे डेव्हिड व्हीलर यांनी केवळ ३१ आज्ञांची एक आरंभिक मालिका तयार केली. दूरध्वनी केंद्रात वापरल्या जाणाऱ्या फिरत्या स्विचांवर ती तारांनी कायमची जोडलेली होती. कळ दाबताच या ३१ आज्ञा स्मृतीत उतरत आणि मग त्याच कागदी फितीवरील पुढची आज्ञावली वाचून घेत. १९५३ पासून ग्राहकांकडे जाऊ लागलेल्या आयबीएम ७०१ या यंत्रावर 'लोड' अशी एक कळच बसविलेली होती. ती दाबली की कार्ड, फीत वा ड्रम यांवरून आरंभीचा अत्यल्प मजकूर वाचला जाई व तो उरलेला मजकूर ओढून आणी. बुटाच्या बंदाची उपमा याच तंत्राला देण्यात आली.

मुंबईतही ही पिढी अवतरली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली पथदर्शक यंत्रानंतर पूर्ण आकाराचे यंत्र उभे राहिले आणि १९६० साली ते कार्यान्वित झाले. ४० बिटांचे २०४८ शब्द मावतील एवढी त्याची चुंबकीय स्मृती होती. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. या काळातील यंत्रे बंद पडली तर ती कोठे बंद पडली हे ती बांधणाऱ्या अथवा चालविणाऱ्या माणसास ठाऊक असे. कारण प्रारंभाची प्रत्येक पायरी त्याच्या डोळ्यांसमोर घडत असे.

घरगुती संगणकाचा आद्य नमुना म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो १९७५ चा अल्टेअर ८८०० याच परंपरेतील होता. त्याच्या दर्शनी भागावरील खटके एकेक करून वरखाली करीत मालकाने एक छोटी आज्ञावली हाताने भरावयाची. ती मग फितीवरून मोठी आज्ञावली वाचणार. एक खटका चुकला की प्रारंभ फसला. परंतु चूक कोठे असू शकते हे मालकाला माहीत होते, कारण पहिला दुवा त्याच्या बोटांत होता.

४. पहिला दुवा यंत्राच्या पोटी

हा दुवा यंत्रात कोरून ठेविला गेल्यावर मालकाची त्यातून सुटका झाली; त्याचबरोबर त्याचे ज्ञानही गेले. १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात न पुसता येणाऱ्या स्मृतीत 'बायॉस' नावाचा मजकूर होता. हे नाव गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या कार्यप्रणालीतून आलेले. वीज मिळताच हा मजकूर प्रथम यंत्राची स्वतःची तपासणी करी. सर्व ठीक असेल तर एक आखूड 'टुंई' ऐकू येई. नसेल तर वेगळ्या क्रमाने आवाज होत किंवा पडद्यावर आकडे उमटत : २०१ म्हणजे स्मृतीचा दोष, ३०१ म्हणजे कळफलकाचा. त्यानंतर तबकडीवरचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा वाचला जाई. तो पुढच्या मोठ्या तुकड्याला, आणि तो अखेर कार्यप्रणालीला बोलावी.

या क्रमाचे वैशिष्ट्य असे की त्यातील प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा अधिक बोलका आहे. पहिल्या टप्प्यास केवळ दिवा व पंखा आहे; दुसऱ्यास आवाज आहे; तिसऱ्यास आकडे व तुटक वाक्ये आहेत; चौथ्यास चित्रे आहेत. यंत्र जितक्या लवकर अडेल तितके ते मुके असते. निदान करणाराने शब्दांची अपेक्षा न करता यंत्राने कोणत्या प्रकारे सांगितले याकडे पाहावे, हा नियम यातून निघतो.

यंत्राचे हे आरंभीचे बोलणे इंग्रजीच असणार हेही त्याच रचनेने ठरविले. त्या संगणकाच्या मजकूर-पडद्याला २५६ आकृतींचाच संच दिलेला होता व त्यात देवनागरीला स्थान नव्हते. आपल्याकडे आयआयटी कानपूर व पुढे पुण्याची सी-डॅक यांच्या कार्यातून साकारलेल्या 'जिस्ट' तंत्राने भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. १९९१ साली भारतीय लिप्यांच्या संकेतांचे 'इस्की' हे मानक निश्चित झाले. त्याच वर्षी युनिकोडाची पहिली आवृत्ती आली व तीत देवनागरी होती. परंतु यांचा उपयोग यंत्र उभे राहिल्यानंतरचा होता. उभे राहता राहता अडखळलेले यंत्र इंग्रजीतच बोलत राहिले. पुढे २००५ नंतर प्रसार पावलेल्या 'यूईएफआय' या नव्या आरंभरचनेत युनिकोडाची तरतूद आहे. म्हणजे लिपीची तांत्रिक अडचण सरली. सवय मात्र राहिली.

५. संदेशांचे व्याकरण

या संदेशांची भाषाशास्त्रीय तपासणी उद्बोधक ठरते. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी दिसलेला एक संदेश असा : 'एनटीएलडीआर इज मिसिंग'. वाक्यरचना बालबोध आहे. पण तिचा कर्ता कोणत्याही शब्दकोशात नाही. ते 'एनटी लोडर' या दोन शब्दांचे आकुंचन असून त्यातील लोडर म्हणजे आयबीएम ७०१ च्या 'लोड' कळीचाच वंशज होय. अर्धशतकाचा इतिहास पाच अक्षरांत दडला आहे आणि वाचणाऱ्यास त्यातले एकही अक्षर ओळखीचे नाही.

याहून महत्त्वाचे आहे ते क्रियापद. मराठीत 'हरवले' आणि 'सापडत नाही' यांत भेद आहे. पहिले वस्तूविषयीचे विधान आहे, दुसरे शोधणाऱ्याविषयीचे. यंत्राला पहिले विधान करण्याचा अधिकार नाही. त्याला फक्त दुसरे ठाऊक असते. उपरोक्त संदेश पुष्कळदा अशा वेळी येई की, पूर्वी वापरलेली फ्लॉपी अथवा पेनड्राइव्ह यंत्रास लागलेलाच राहिला असून यंत्र मुख्य तबकडीऐवजी तेथे शोधीत आहे. वस्तू जागच्या जागी असे; शोध चुकीच्या जागी चाले. पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू केले की काम भागे. 'हरवले आहे' असा अर्थ घेणारा मात्र यंत्र दुरुस्तीस नेई. इंग्रजी संदेश मराठीत आणताना 'सापडत नाही' हे क्रियापद योजिले असते, तर भाषांतरातच अर्धे निदान झाले असते.

उत्तरकाळात संदेशांचे सौजन्य वाढले आणि माहिती घटली. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये निळ्या पडद्यावर उदास चेहऱ्याचे चिन्ह व एक दिलगिरीचे वाक्य आले. २०२५ मध्ये तो पडदा काळा करण्यात आला. प्रारंभाच्या पायऱ्या आता निर्मात्याच्या बोधचिन्हाआड झाकलेल्या असतात व पडद्यावर ठिपक्यांचे वर्तुळ फिरत राहते. सर्व टप्प्यांना एकच वर्तुळ असल्यामुळे यंत्र कोणत्या टप्प्यावर थांबले हे सांगणारी खूणच नाहीशी झाली.

६. डहाणू-तलासरीची पार्श्वभूमी

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला आणि डहाणू व तलासरी त्यात आले. तलासरीच्या सीमेचा इतिहास १९६० सालापर्यंत मागे जातो. द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन होताना उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि तलासरीचा मुलूख महाराष्ट्रात राहिला. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरला. त्याच तालुक्यात १९९५ च्या सुमारास ५०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले, ते मुख्यतः मुंबईच्या उपनगरांना वीज पुरविण्यासाठी. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. १६ एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि संगणकाचे सुटे भाग मिळविण्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाणे एका दिवसाच्या आवाक्यात आले.

संगणकशिक्षणाचा प्रसार महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने झाला तो २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या 'एमएस-सीआयटी' या अभ्यासक्रमामुळे. तालुक्या-तालुक्यांत केंद्रे निघाली, मराठीतून पाठ्यसाहित्य मिळू लागले आणि सरकारी नोकरीच्या अपेक्षेने हजारो तरुणांनी तो पूर्ण केला. या अभ्यासक्रमाचे मोल मोठे आहे. तथापि त्याचा भर यंत्राच्या वापरावर होता. पडद्यावर चित्रे आल्यानंतर काय करावे हे तो शिकवी. चित्रे येण्यापूर्वीचा काळ हा दुरुस्तीकाराचा प्रांत राहिला.

येथे जुन्या इतिहासाची आठवण अप्रस्तुत ठरू नये. १९४५ साली तलासरीजवळील झरी येथे वारल्यांची सभा भरली आणि वेठबिगार व लग्नगडी या प्रथांविरुद्धचा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० च्या ग्रंथात त्याची हकीगत आहे. या ग्रंथास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. ज्या कागदावर आपला अंगठा उमटला आहे त्यावर काय लिहिले आहे हे न कळणे, हा त्या गुलामगिरीचा एक आधार होता. त्या अन्यायाची आणि नादुरुस्त संगणकाची बरोबरी करणे हा प्रमाणाचा अभाव ठरेल. पण न वाचता येणाऱ्या मजकुरापुढे माणूस दुसऱ्याच्या शब्दावर सर्वस्वी विसंबतो, ही अवस्था जात्या तीच आहे. आणि यंत्रात काय साठविलेले आहे त्यावर तिचे गांभीर्य ठरते.

७. निदानाचा क्रम

घरगुती संगणक सुरू होत नाही अशी तक्रार मराठीत निरनिराळ्या वाक्यांनी केली जाते. दुरुस्तीकार बहुधा ती सारखीच समजतो. वस्तुतः त्यांत सूक्ष्म भेद आहे. 'चालूच होत नाही', 'चालू होतो पण स्क्रीन येत नाही', 'कंपनीचे नाव येऊन अडकतो', 'गोल फिरत राहते', 'चालू होतो पण उघडत नाही' ही वाक्ये प्रारंभाचे वेगवेगळे टप्पे दाखवितात. बोलणाऱ्यास तांत्रिक परिभाषा येत नसली तरी त्याने पाहिलेले बरोबर सांगितलेले असते.

'चालूच होत नाही' याचा अर्थ दिवा नाही, पंखा नाही. येथे दोष विजेचा : फलकावरील बटण, वायर, विद्युत्पुरवठ्याची पेटी किंवा लॅपटॉपचा चार्जर. ग्रामीण भागात दाब कमीजास्त होणे व पावसाळ्यात वीज वारंवार जाणे यांमुळे ही पेटी प्रथम बळी पडते.

'पंखा फिरतो पण स्क्रीन येत नाही' या अवस्थेत संशय स्मृतीच्या पट्टीवर घ्यावा. समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत पट्टीच्या धातूच्या दातांवर पुट चढते. वीज पूर्ण तोडून पट्टी काढावी, दात स्वच्छ खोडरबराने हलके पुसावे व पट्टी घट्ट बसवावी, हा दुरुस्तीकारांचा जुना व बहुधा गुणकारी उपाय आहे. या टप्प्यावरील आवाजांचे अर्थ मात्र निर्मात्यागणिक बदलतात; एका यंत्राचा संकेत दुसऱ्यास लावू नये.

'कंपनीचे नाव येऊन अडकतो' असे असल्यास कळफलक व माऊस यांखेरीज जोडलेली प्रत्येक वस्तू काढून पाहावी. दर वेळी तारीख जुनी दिसत असेल तर आतील नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी संपली आहे असे समजावे. ती गेली की यंत्राने कोणत्या तबकडीवरून सुरू व्हावे याची नोंदही पुसली जाऊ शकते. 'बूट डिव्हाइस' सापडत नाही असा संदेश आल्यास बाहेरील पेनड्राइव्ह, ही नोंद आणि तबकडीची वायर या तीन गोष्टी याच क्रमाने पाहाव्या. तबकडीतून टकटक आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करण्याचा हट्ट सोडावा. प्रत्येक प्रयत्नागणिक आतील मजकूर वाचण्याची शक्यता घटते.

'गोल फिरत राहते' हा दोष कार्यप्रणालीच्या हद्दीत पडतो. येथे सेफ मोडचे तर्कशास्त्र उपयोगी पडते. त्या अवस्थेत यंत्र अत्यावश्यक तेवढ्याच घटकांसह उभे राहते. तसे ते उभे राहिले तर दोष अत्यावश्यकाच्या बाहेर आहे, बहुधा नुकत्याच घातलेल्या एखाद्या आज्ञावलीत वा अद्ययावतीत; तेही न झाले तर दोष अधिक खोल आहे. अन्वय आणि व्यतिरेक या दोन कसोट्यांनी कारण निश्चित करावे हा न्यायशास्त्राचा धडा येथे तंतोतंत लागू पडतो. विंडोज १० पासून लागोपाठ दोन वेळा प्रारंभ फसल्यास यंत्र पुढच्या वेळी दुरुस्तीच्या पडद्यावर आपोआप जाते. तेथून सेफ मोडची वाट मिळते. आणखी एक बारकावा आहे. विंडोज ८ पासून 'शट डाऊन' केल्यावर यंत्र आपल्या गाभ्याची अवस्था जपून ठेवू शकते, 'रीस्टार्ट' केल्यावर ठेवीत नाही. म्हणून बंद करून पुन्हा चालू करणे आणि 'रीस्टार्ट' करणे या क्रिया आता समानार्थी राहिल्या नाहीत. जपलेली अवस्थाच बिघडली असेल तर दुसरीच उपयोगी पडते.

शेवटी, नाव व परवलीचा शब्द स्वीकारूनही जो संगणक 'उघडत नाही', त्याचा प्रारंभ तांत्रिक दृष्ट्या जवळजवळ पुरा झालेला असतो. अडथळा बहुधा मालकाच्याच खात्यात, आरंभी आपोआप सुरू होणाऱ्या आज्ञावलींत असतो.

८. 'फॉरमॅट मारणे'

हा क्रम इतका विस्ताराने मांडण्याचे कारण व्यावहारिक आहे. मराठी बोलण्यात 'फॉरमॅट मारणे' हा एक वाक्प्रचार रूढ झाला आहे. 'मारणे' हे सहायक क्रियापद शिक्का मारणे, फेरी मारणे अशा झटपट उरकावयाच्या क्रियांना लागते. ते येथे लागले यातच या उपायाचे स्वरूप प्रकट होते. तबकडी पुसून कार्यप्रणाली नव्याने घालण्यास टप्प्यांचे ज्ञान लागत नाही, तक्रार समजून घ्यावी लागत नाही आणि यंत्र हमखास सुरू होते. निदानाची भाषा जेथे संपते तेथे फॉरमॅट सुरू होतो. दोष स्मृतीच्या पट्टीत असेल तर तो राहतोच; जाते ते तबकडीवरचे लेखन.

हे लेखन काय असू शकते याचा विचार या प्रदेशाच्या संदर्भात केला पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये दावे करताना पुरावे, पावत्या, नकाशे व ठराव जोडावे लागतात. जातीचे दाखले, गुणपत्रिका, सातबाऱ्याचे उतारे यांच्या प्रतिमा घरच्या संगणकात ठेवणे सर्वत्र रूढ झाले आहे. मूळ कागद पावसात वा वाळवीने गेला असेल आणि प्रतिमा एकमेव उरली असेल, तर फॉरमॅट ही दुरुस्ती नव्हे. तो दस्तऐवजाचा नाश होय. अडलेल्या प्रारंभातही तबकडी पुष्कळदा शाबूत असते. ती काढून दुसऱ्या यंत्रास जोडता येते, किंवा पेनड्राइव्हवरील लिनक्सने यंत्र सुरू करून मजकूर बाहेर काढता येतो. म्हणून आधी मजकूर वाचवावा व मग यंत्र, हा क्रम सोडू नये.

अलीकडे यात एक नवी अट आली आहे. नव्या यंत्रांतील तबकडी पुष्कळदा मालकाच्या नकळत कूटबद्ध झालेली असते आणि ४८ अंकी किल्ली दिल्याशिवाय ती दुसऱ्या यंत्रास वाचता येत नाही. १९ जुलै २०२४ रोजी जगाने याचा पडताळा पाहिला. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अद्ययावतीमुळे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रांचा प्रारंभ अपूर्ण राहू लागला. भारतातील काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. उपाय साधा होता : सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणे. पण तो एकेका यंत्रापुढे जाऊन करावयाचा होता आणि पुष्कळ ठिकाणी ती ४८ अंकी किल्ली हाताशी नव्हती. महानगरांतील तज्ज्ञांचीही जी अडचण झाली, ती एकट्यादुकट्या घरास चुकणार नाही. ही किल्ली यंत्र ठीक असतानाच कागदावर उतरवून ठेवणे हे कोणत्याही दुरुस्तीपेक्षा अधिक मोलाचे आहे.

९. शब्दांचा उलटा प्रवास

मराठीत या टप्प्यांची परिभाषा कशी करावी, या प्रश्नाचे उत्तर डहाणू तालुक्याच्याच इतिहासात सापडते. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. परदेशी साधने परवडत नव्हती म्हणून तेथे बिया, पाने, शंख-शिंपले ही साधने झाली. शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांसाठी शाळाच मुलांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात गेली. 'अंगणवाडी' आणि 'कुरणशाळा' हे शब्द या कार्यातून पुढे आले. १९७५ साली देशव्यापी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा 'अंगणवाडी' हा शब्द तिने स्वीकारला व तो मराठी न जाणणाऱ्या प्रांतांतही घराघरांत पोचला.

या शब्दाच्या यशाचे कारण भाषाशास्त्राच्या दृष्टीने स्पष्ट आहे. 'अंगण' आणि 'वाडी' हे दोन्ही घटक ऐकणाऱ्याच्या नित्य परिचयाचे आहेत आणि संयोगाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. संस्कृत धातूंवरून घडविलेली जड परिभाषा आणि इंग्रजीचे जसेच्या तसे उच्चारण यांमधील हा तिसरा मार्ग होय. संगणकाच्या प्रारंभासाठी तो अनुसरावयाचा तर नवे शब्द फारसे घडवावेही लागणार नाहीत. वीज येणे, तपासणी होणे, तबकडी सापडणे, प्रणाली चढणे आणि खाते उघडणे ही पाच क्रियापदे बोलीत तयार आहेत आणि त्यांचा क्रम हाच प्रारंभाचा क्रम आहे. 'बूट' हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. तो आता मराठीच झाला आहे. परंतु 'बूट होत नाही' हे वाक्य पाच वेगळ्या अवस्थांना एकाच नावाने हाक मारते, आणि ज्याला निराळे नाव नाही त्यावर निराळा उपाय सुचत नाही.

१०. समारोप

एडसॅकच्या ३१ आज्ञांपासून फिरत्या ठिपक्यांच्या वर्तुळापर्यंतच्या इतिहासात यंत्राचा प्रारंभ सुलभ होत गेला आणि त्याच प्रमाणात अडलेल्या प्रारंभाचे ज्ञान मालकाच्या हातून निसटत गेले. या दोन गोष्टी एकाच बदलाचे परिणाम आहेत. अल्टेअरचे खटके पुन्हा आणावेत असे कोणी म्हणणार नाही. पण यंत्र कोणत्या पायरीवर थांबले हे सांगण्याची क्षमता घरातील माणसापाशी राहिली, तर दुरुस्तीकाराशी होणारे त्याचे बोलणे बदलते. 'संगणक बिघडला' असे म्हणून यंत्र टेबलावर ठेवणारा ग्राहक फॉरमॅट घेऊन परततो. 'तपासणी होते, पण तबकडी सापडत नाही. आधी मजकूर काढून द्या' असे सांगणाऱ्या ग्राहकाचे कागद वाचतात. संगणकशिक्षणाच्या मराठी पाठ्यक्रमांत वापराच्या धड्यांआधी प्रारंभाच्या पाच पायऱ्यांचा एक धडा, विद्यार्थ्यांच्या बोलीतील क्रियापदांसह, घालता येण्याजोगा आहे. त्यास खर्च नाही. आणि वारली, मराठी व गुजराती अशा तिन्ही भाषा कानी पडणाऱ्या डहाणू-तलासरीच्या वर्गांतून त्याचा आरंभ करणे सर्वथा उचित होईल.